नेव्हिगेशनवर वेगमर्यादा सतत चुकीची दिसते, मार्गही भलताच निघतो: चूक नेमकी कुठे शोधायची

फलकावर 80 लिहिलंय आणि स्क्रीनवर 50 दिसतंय. नकाशा अपडेट केला, सिस्टीम रीसेट केली, थोडे दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यातच दुसरी तक्रार असते: समोर सरळ रुंद रस्ता असताना नेव्हिगेशन गाडी आडवाटेला घालतं. लोक या दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडतात आणि त्यांना उत्तरंही वेगवेगळी मिळतात. पहिलीला ‘नकाशा अपडेट करा’, दुसरीला ‘सेटिंग तपासा’. पण पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच असतं. मार्ग काढणारी यंत्रणा रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागेल हे मोजते, आणि ताजी रहदारी माहीत नसेल तेव्हा त्या हिशेबात नोंदवलेली वेगमर्यादाच धरली जाते. तो आकडा चुकला की मार्गही वाकडा जातो.

म्हणून आधी चूक कुठल्या थरात आहे ते पक्कं करा, मग उपाय. थर चार आहेत: गाडी कुठे आहे हे ठरवणारा, ती कुठल्या रस्त्यावर आहे हे ठरवणारा, त्या रस्त्याची माहिती साठवणारा नकाशा, आणि फलक वाचणारा कॅमेरा. थर न ओळखता केलेलं अपडेट म्हणजे अंधारात तीर मारणं. आणि शोध चालू असेपर्यंत, नंतरही, रस्त्याकडेचा फलकच खरा. स्क्रीनवर तसं दिसत होतं, या कारणाने दंड टळत नाही आणि अपघातही टळत नाही.

आकडा कोणाचा आहे?

आजकाल एकाच गाडीत वेगमर्यादा दोन-तीन ठिकाणी दिसते. स्पीडोमीटरशेजारचा गोल आकडा गाडीच्या स्वतःच्या सिस्टीमचा असतो. तो गाडीतल्या नकाशावरून, पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्यावरून किंवा दोन्हींचा मेळ घालून येतो. मधल्या मोठ्या स्क्रीनवर फोन जोडून अ‍ॅप चालू असेल, तर तिथला आकडा त्या अ‍ॅपच्या नकाशातला. या दोघांचा एकमेकांशी बहुधा काहीच संबंध नसतो. फोनवरचं अ‍ॅप कितीही अपडेट केलं तरी स्पीडोमीटरजवळचा आकडा बदलत नाही, आणि गाडीचा नकाशा नवा भरला म्हणून अ‍ॅप सुधारत नाही. ‘अपडेट करूनही फरक नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांनी चुकीचीच वस्तू अपडेट केलेली असते. त्यामुळे चूक दिसली की पहिला प्रश्न: ती दोन्ही ठिकाणी आहे की एकाच? दोन्हीकडे सारखीच चूक असेल, तर तो फलक नवा बसवलेला असण्याची किंवा तात्पुरत्या कामामुळे मर्यादा बदललेली असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात उपयोगी चाचणी

अनेक नेव्हिगेशन उपकरणांत आणि काही अ‍ॅपमध्ये मार्गाचं सिम्युलेशन किंवा डेमो चालवता येतो. गाडी उभी असताना मार्ग आखायचा, डेमो सुरू करायचा आणि स्क्रीनवरची गाडी त्या मार्गावरून सरकताना पाहायची. ही सोय बहुतेक जण खेळणं समजून सोडून देतात. मला मात्र निदानासाठी याहून चांगलं साधन माहीत नाही. कारण डेमोमध्ये उपग्रहांचा संबंध नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही, उरतो तो फक्त नकाशा.

नेहमी चुकतो तो पट्टा डेमोमध्ये चालवा. तिथेही 50 दिसलं, तर दोष नकाशाच्या माहितीत आहे. अँटेना, फोन, काच यांच्या मागे लागू नका. डेमोमध्ये बरोबर 80 आणि प्रत्यक्ष चालवताना 50 येत असेल, तर नकाशा निर्दोष आहे. मग गाडीचं स्थान चुकतंय किंवा कॅमेरा काहीतरी भलतं वाचतोय. डेमोची सोय नसेल, तर तीच परीक्षा प्रत्यक्षात अशी घ्या: चूक नेहमी त्याच जागी, त्याच दिशेने, कुठल्याही हवामानात येते का? येत असेल तर नकाशा. कधी येते, कधी नाही, पावसात किंवा उन्हं उतरताना जास्त येते, असं असेल तर कॅमेरा. उंच इमारती, पूल, दाट झाडी इथेच येते, तर स्थान. पाहण्याचं काम शेजारी बसणाऱ्याकडे द्या. चालवता चालवता हे करू नका.

शेजारचा रस्ता पकडला जातो तेव्हा

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या स्मार्टफोनची जीपीएस अचूकता साधारण 5 मीटरच्या त्रिज्येत असते. इमारती, पूल आणि झाडी आली की ती बिघडते. आता मुख्य रस्ता आणि त्याला लागून जाणारा सेवा रस्ता यांत किती अंतर असतं ते डोळ्यांसमोर आणा. मध्ये एक दुभाजक आणि जरा झुडपं. यंत्रणेला मिळालेला बिंदू कधीकधी बरोबर दोन्हींच्या मध्ये पडतो आणि मग तो कुठल्या तरी एका रस्त्यावर ‘चिकटवावा’ लागतो. मुख्य रस्त्यावर 80 आणि सेवा रस्त्यावर 40 असेल तर आकडा 80, 40, 80, 40 असा उड्या मारतो. हे दिसलं की नकाशाला दोष देऊ नका. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त गाडी चुकीच्या रस्त्यावर बसवली गेली आहे.

उड्डाणपुलाचं दुखणं याहून अवघड. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकमेकांवरच असतात आणि उपग्रहांवरून मिळणारी उंची आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते. त्यामुळे यंत्रणा अंदाज बांधते: गाडी पुलाच्या चढावर शिरताना दिसली का, वेग काय आहे, आखलेला मार्ग वरून जातो की खालून. म्हणूनच मार्ग आखून चालवलं तर आकडा जास्त स्थिर राहतो आणि नुसता नकाशा उघडा ठेवून चालवलं तर जास्त भरकटतो. रोजच्या वाटेवरही, जिथे रस्ता तोंडपाठ आहे तिथेही, मार्ग आखून ठेवण्याचा हा खरा फायदा.

फोन वापरत असाल तर दोन सेटिंग बघा. अ‍ॅपला ‘अचूक स्थान’ वापरण्याची परवानगी आहे की नुसतं ‘अंदाजे स्थान’ दिलंय? आणि बॅटरी सेव्हर चालू आहे का? तो चालू असला की स्थान उशिरा उशिरा ताजं होतं आणि मर्यादा बदलल्यानंतर बरंच पुढे गेल्यावर आकडा बदलतो. धातूचा अंश असलेली उष्णतारोधक काच किंवा फिल्म असेल तर तिच्यातून सिग्नल क्षीण होऊन येतो. अशा काचेत कधीकधी सिग्नलसाठी मोकळा पट्टा सोडलेला असतो, फोन त्याच्या जवळ लावून पाहा. गाडीतल्या मूळ सिस्टीमला चाकांच्या फेऱ्या आणि जायरोस्कोपची (गाडी किती वळली हे मोजणाऱ्या सेन्सरची) मदत असते, म्हणून बोगद्यात ती फोनपेक्षा बरी टिकते. पण तिची छतावरची अँटेना किंवा तिची वायर सैल झाली की बोगद्याबाहेरही स्थान हळूहळू सरकत जातं. स्क्रीनवरची गाडी सतत रस्त्याच्या एकाच बाजूला, शेतात किंवा इमारतीत चालताना दिसली तर ती वायर तपासून घ्या.

दोष नकाशातच आहे असं ठरलं

नकाशात वेगमर्यादा ‘रस्त्याला’ दिलेली नसते, रस्त्याच्या तुकड्याला दिलेली असते, आणि इथेच बहुतेक चुका जन्माला येतात. फलक चौकाच्या पुढे थोड्या अंतरावर असतो, पण तुकडा चौकातच संपवलेला असतो. मग आकडा फलकाच्या आधीच बदलतो. फलक एकाच दिशेच्या वाहनांना लागू असतो, पण नोंद दोन्ही दिशांना केलेली असते. मग जाताना बरोबर आणि परतताना चूक. परतीच्या वाटेवरच आकडा चुकतो असं लक्षात आलं, तर संशय थेट इथे घ्यावा.

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली सुरू झालेला, कोणालाही पाहता आणि सुधारता येणारा नकाशा. पुष्कळ अ‍ॅप त्याची माहिती वापरतात. त्यात ही नोंद ‘मॅक्सस्पीड’ या टॅगने होते. दिशेनुसार वेगळी मर्यादा असेल तर ‘फॉरवर्ड’ आणि ‘बॅकवर्ड’ असे वेगळे टॅग, आणि ठरावीक वेळेपुरती असेल तर ‘कंडिशनल’. एकक लिहिलं नाही तर आकडा किलोमीटर प्रतितास समजला जातो. मैलात फलक असलेल्या देशात कोणी नुसतं 30 भरलं, तर ते 30 मैल न राहता 30 किलोमीटर होतं, म्हणजे जवळपास 19 मैल. आकडा नेमका अशाच प्रमाणात, 1.6 पटीने चुकत असेल तर एककाचाच घोळ समजा. नकाशातला किंवा तुमच्या उपकरणाच्या सेटिंगमधला.

आणि बरेच तुकडे असे असतात की त्यांना मर्यादा नोंदवलेलीच नसते. मग यंत्रणा रस्त्याच्या वर्गावरून अंदाज करते: हा महामार्ग, हा वस्तीतला, हा जोडरस्ता. काही अ‍ॅप अशा वेळी आकडा रिकामा ठेवतात, काही अंदाजच ठामपणे दाखवतात. मला रिकामी जागा केव्हाही पटते. चुकीचा आकडा चालकाला खोटा विश्वास देतो, रिकामी जागा निदान फलकाकडे बघायला लावते.

वेळेनुसार बदलणाऱ्या मर्यादांसाठी, शाळेजवळच्या किंवा रात्रीच्या, उपकरणाचं घड्याळ बरोबर हवं. जुन्या गाड्यांत एक विचित्र दोष दिसतो. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी 1024 पर्यंतच जाते आणि मग शून्यावर येते. असं 1999 च्या ऑगस्टमध्ये आणि 2019 च्या एप्रिलमध्ये झालं. ज्या उपकरणांनी हे सांभाळलं नाही त्यांची तारीख सुमारे 19.6 वर्षं मागे जाते. मोजणी आठवड्यांची असल्यामुळे वार मात्र बरोबर राहतो, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. पण काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्या उन्हाळी वेळेचे नियम जुन्या वर्षाचे लागले तर घड्याळ तासभर सरकतं आणि ऋतूनुसार लागू होणारी मर्यादा भलत्याच महिन्यात दिसते. अशा उपकरणात तारखेचं वर्ष उघडून बघा.

कॅमेरा काय वाचतो

फलक वाचणारा कॅमेरा आकडा वाचतो, तो कोणासाठी आहे हे त्याला नेहमी कळत नाही. महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्यावरचा 40 चा फलक तिरका लावलेला असेल तर तो मुख्य रस्त्यावरूनही दिसतो. काही मालवाहू गाड्यांच्या मागे त्यांच्या स्वतःच्या कमाल वेगाचा गोल स्टिकर असतो, तोही वाचला जातो. मुख्य फलकाखालची छोटी पाटी, ‘फक्त जड वाहनांना’, ‘ओल्या रस्त्यावर’, ‘सकाळी अमुक ते अमुक’, पुष्कळ सिस्टीमना वाचता येत नाही. एलईडी फलक डोळ्यांना स्थिर दिसले तरी प्रत्यक्षात वेगाने लुकलुकतात आणि कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये अर्धवट उमटतात. जिथे फलकच नाही, वस्तीची हद्द सुरू झाली म्हणजे मर्यादा आपोआप कमी, असा नियम आहे, तिथे कॅमेरा एकटा काहीच करू शकत नाही.

उपाय साधे आहेत: काचेवरचा कॅमेऱ्यासमोरचा भाग आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा, आणि काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा रोख पुन्हा जुळवणं, झालं का ते विचारा. पण एक गोष्ट मी आवर्जून सांगेन. काही गाड्यांत क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, दिसलेली मर्यादा आपोआप स्वीकारतं. वेगाने वाहणाऱ्या रहदारीत गाडीने फाट्यावरचा 40 वाचून स्वतःहून वेग उतरवला, तर मागच्याला काही कळायच्या आत तो येऊन धडकू शकतो. दोष सुटेपर्यंत ही आपोआप स्वीकारण्याची सोय बंद ठेवा किंवा ‘आधी विचारा’ वर ठेवा. युरोपीय संघात 2019/2144 या नियमावलीनुसार जुलै 2024 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालकाला ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती परत चालू होते. त्यामुळे चुकीचा आकडा आता नुसता दिसत नाही, तो सतत कानाशी वाजतो.

आणखी एक तक्रार वारंवार येते: नेव्हिगेशन 95 दाखवतं आणि स्पीडोमीटर 100. हा दोष नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या वाहननियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नसतं. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किमी प्रतितास एवढी मुभा आहे. सरळ, सपाट रस्त्यावर स्थिर वेगात जीपीएसचा आकडा खऱ्याच्या जवळ असतो; वेग पटकन बदलताना तो जरा मागे राहतो. स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा कमी दाखवत असेल तर मात्र टायरचा आकार बदललाय का ते बघा.

मार्ग भलताच का निघतो

समजा नेहमीच्या रस्त्याचा 5 किलोमीटरचा पट्टा आहे आणि तिथे खरी मर्यादा 80. त्या वेगाने त्याला 3 मिनिटं 45 सेकंद लागतात. काम चालू असताना तिथे 30 नोंदवलं गेलं आणि काम संपल्यावर ते तसंच राहिलं. हिशेबात तो पट्टा आता 10 मिनिटांचा झाला. शेजारून 6 किलोमीटरची अरुंद वाट जाते, तिथे 50 धरलेत. ती 7 मिनिटं 12 सेकंदांची. यंत्रणेने ती निवडली तर तिची काय चूक? तिला मिळालेल्या आकड्यांवर हिशेब बरोबरच आहे. उलटही होतं. एखाद्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याला मर्यादा नोंदवलेली नसते आणि वर्गावरून 60 धरले जातात. मग तो रस्ता कागदावर इतका जलद होतो की सगळे मार्ग त्याच्याकडे ओढले जातात.

ताजी रहदारी उपलब्ध असेल तेव्हा प्रत्यक्ष वाहनांच्या वेगाने ही चूक झाकली जाते. इंटरनेट नसताना, रात्री किंवा कमी वर्दळीच्या रस्त्यावर ती पुन्हा वर येते. म्हणून तोच प्रवास एकदा ठीक आणि एकदा वेडावाकडा निघतो, आणि दोष हाती लागत नाही.

तो हाती लावायची रीत अशी. आधी टोल टाळा, महामार्ग टाळा, कच्चे रस्ते टाळा, वाहनाचा प्रकार, ‘जलद’ की ‘जवळचा’ की ‘इंधन वाचवणारा’, हे सगळं एकदा नजरेखालून घाला. आधीच्या प्रवासात टाकलेला एखादा थांबा मार्गात राहिला नाही ना, तेही पाहा. पोहोचायचं ठिकाण नीट मोठं करून बघा: पत्त्याचा बिंदू इमारतीच्या मागे पडला असेल तर यंत्रणा त्याला सगळ्यात जवळच्या रस्त्याशी जोडते, मग तो रस्ता कुंपणापलीकडचा का असेना, आणि गाडी मागच्या भिंतीपाशी नेऊन ‘पोहोचलात’ म्हणते.

एवढं करूनही मार्ग चुकत असेल, तर तुम्हाला हव्या त्या रस्त्याच्या मधोमध एक थांबा टाका आणि मार्ग पुन्हा काढा. आता एकूण वेळ आणि आकार, दोन्ही बघा. वेळ एखाद-दुसऱ्या मिनिटाने वाढला तर यंत्रणेची निवड रास्त आहे, तिच्या लेखी दोन्ही मार्ग सारखेच. वेळ अवाच्या सवा वाढला, पण मार्ग सरळ तुमच्या रस्त्यानेच गेला, तर त्या पट्ट्यावर वेग चुकीचा नोंदलाय. मार्ग तुमच्या रस्त्यावर येण्यासाठी किंवा तिथून निघण्यासाठी मोठा वळसा घेत असेल, तर चौकात नसलेली वळणबंदी किंवा चुकीची एकेरी वाहतूक नोंदलेली आहे. थांब्यापर्यंत पोहोचताच येत नसेल, तर रस्ता बंद दाखवलाय किंवा नकाशात दोन तुकडे एकमेकांना जोडलेलेच नाहीत. स्क्रीनवर रेषा जुळलेली दिसते, पण माहितीत मध्ये फट असते. मग तो थांबा थोडा थोडा पुढे-मागे सरकवत जा. ज्या जागी वेळ एकदम उडी मारतो किंवा वळसा नाहीसा होतो, तिथेच दोष आहे. हे काम घरी बसून होतं, आणि तक्रार करताना नेमकी जागा सांगता येते.

कळवताना

‘अमुक रस्त्यावर वेगमर्यादा चुकीची आहे’ एवढ्या तक्रारीवर सहसा काही होत नाही, कारण दुरुस्ती करणाऱ्याला तुकडा कुठून कुठपर्यंत बदलायचा हे कळत नाही. मर्यादा जिथे सुरू होते तो फलक, जिथे संपते किंवा बदलते तो फलक, प्रवासाची दिशा, खालच्या छोट्या पाटीवरचा मजकूर आणि तारीख, एवढं द्या. डॅशकॅमचं चित्र सगळ्यात उत्तम. सुरुवातीच्या फलकाचा फोटो बरेच जण पाठवतात, शेवटचा फलक बहुतेक विसरतात, आणि दुरुस्तीत नेमका तोच अडतो. काम चालू असल्यामुळे लागलेली मर्यादा असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे ती कायमची म्हणून नोंदली जाणार नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर तुम्ही स्वतः दुरुस्ती करू शकता, पण ती तुमच्या अ‍ॅपमध्ये लगेच दिसणार नाही. अ‍ॅप आपल्या वेळापत्रकाने माहिती उचलतं, मार्ग काढण्यासाठीची पूर्वतयारी नव्याने करतं, मग तुम्ही ऑफलाइन नकाशा पुन्हा उतरवायचा. गाडीतल्या मूळ नकाशांना याहून जास्त वेळ लागतो. तोवर त्या पट्ट्यावर एक थांबा टाकलेला मार्ग आवडत्या मार्गांत साठवून ठेवा आणि तोच वापरा. दुरुस्ती आली की थांबा काढून मार्ग नव्याने काढा. तो थांबा तसाच राहिला, तर पुढे कधी तो रस्ता खरोखर बंद झाला तरी यंत्रणा तुम्हाला त्याच्याच तोंडाशी नेत राहील.